कापता कापता चेनसॉ झाडात अडकते: दोष मशीनचा की झाडाचा?

वळवाचा पाऊस सुरू झाला की आमच्या अंबाजोगाई-केज भागातून मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "मशीन झाडात बसली, निघंना झालीय." बांधावरची बाभूळ वादळात कलंडलेली असते, नाहीतर गोठ्यावर वाळका लिंब झुकलेला असतो. कुणीतरी मशीन आणतो, अर्धा बुंधा कापतो आणि तिथंच पट्टी, म्हणजे चेन जिच्या कडेनं फिरते ते लांब पातं, अडकते. मग ओढाताण सुरू होते. पट्टी वाकते, चेन तुटते, आणि या धांदलीत वर झाड उभं आहे हेच माणसं विसरतात. अशा मशीनी मी बरीच वर्षं सोडवत आलोय. त्यातल्या बहुतेकींना काहीही झालेलं नव्हतं.

आधी लक्षणं ओळखा

अडकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

पहिला प्रकार: मशीन झकास चालू असते, भुसाही चांगला पडत असतो, आणि अचानक चेन जागच्या जागी थांबते. कापाचं तोंड मिटत आलेलं दिसतं. पट्टी वर-खाली, मागं-पुढं कुठंच हलत नाही.

दुसरा प्रकार: कापाचं तोंड उघडं आहे, तरी पट्टी आत आवळून बसते. नीट पाहिलं तर काप सरळ न जाता एका बाजूला वळलेला असतो. भुसा पिठासारखा बारीक पडतो आणि मशीनवर जोर द्यावा लागतो.

तिसरा: धूर, करपल्याचा वास, पट्टीची कड निळसर-काळी पडलेली.

चौथा: बाहेर चेन मस्त फिरते. लाकडाला टेकवली की चेन थांबते, इंजिन मात्र ओरडत राहतं.

पहिला प्रकार झाडाचा आहे, बाकीचे तीन मशीनचे. शंका असेल तर पुढच्या वेळी एक करा. काप चार-पाच इंच आत गेला की मशीन बंद करून बाहेर काढा आणि कापाच्या तोंडात गवताची जाड काडी सरकवून ठेवा. जरा वेळानं ती सैल झाली असेल तर काप उघडतोय, चेपली असेल तर मिटतोय. मिटणारा काप म्हणजे झाडाचं वजन तुमच्याकडे येतंय. हे मशीन अडकण्याआधी कळलं तर पुढचं सगळं टळतं.

अडकली असेल तर पहिल्या मिनिटात

इंजिन बंद करा, हात सोडा, वर बघा. एक्सलेटर दाबून ओढायचं नाही. चेन हलत नसताना इंजिन पळवलं की क्लच तापून जातो, आणि ओढताना तुमचा तोल झाडाखालीच जातो.

उभ्या झाडात मशीन अडकली याचा अर्थ झाड मागं बसलंय. म्हणजे तुम्ही ज्या दिशेला पाडणार होता तिच्या उलट ते कलतंय, आणि तुम्ही नेमके त्याच बाजूला उभे आहात. आधी सगळ्यांना बाजूला काढा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको: ४० फुटी बाभूळ असेल तर चहूबाजूंनी ८० फूट. मग तुम्ही एकट्यानंच, मागून न जाता बाजूनं जा आणि पट्टीच्या शेजारी पाचर बसते का बघा. पाचर प्लास्टिकची किंवा लाकडाची हवी. लोखंडी पाचर चेनला लागली तर दात उडतात. घणानं हळूहळू ठोका, दर ठोक्यानंतर शेंड्याकडे नजर टाका. काप केसभर उघडला तरी पट्टी निघते.

पाचर शिरतच नसेल तर पट्टीचे नट सोडून मशीनचं धड वेगळं काढून घ्या. पट्टी आणि चेन झाडात राहू द्या. धड वाचलं की मोठा खर्च वाचला.

आडव्या पडलेल्या ओंडक्यात अडकली असेल तर काम त्या मानानं सोपं आहे. पहारीनं ओंडका उचलून टेकू द्या. नाहीच निघाली तर दुसऱ्या मशीननं किंवा करवतीनं नवा काप घ्या, पण अडकलेल्या जागेपासून किमान फूटभर लांब आणि शेंड्याच्या बाजूला. बुंध्याच्या बाजूला घेतला तर सुटलेला तुकडा तुमची मशीन घेऊनच खाली जाईल.

तपासणी १: झाडाचा कल (खर्च शून्य)

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. सुतळीला दगड बांधा, ओळंबा झाला. झाडापासून वीस-तीस पावलं मागं जा, ओळंबा डोळ्यासमोर धरा आणि बुंधा कुठं झुकतोय ते बघा. मग काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूनं तेच करा. एकाच बाजूनं पाहिलं तर निम्मा कल दिसतच नाही.

बुंधा सरळ असला म्हणजे झाड सरळ असतं असं नाही. आपल्या बांधावरच्या झाडांचं तर मुळीच नाही. पिकावर वसवा (झाडाची सावली) पडतो म्हणून शेजारी त्याच्या बाजूच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटत असतो. त्यामुळे सगळा डोलारा तुमच्या वावराकडे वाढलेला असतो. खोड ओळंब्यात आणि वजन एका अंगाला. असं झाड शेजाऱ्याच्या बाजूला पाडायला गेलात की काप मिटणारच. फांद्या कुठल्या बाजूला जास्त आहेत, कुठली फांदी जाड आहे, पानं ओली आहेत का, हे सगळं मोजायचं. पावसानंतर भिजलेला पाला किती जड होतो ते लिंबाची ओली फांदी ओढून पाहिलेल्याला सांगायला नको.

वर बघताना आणखी एक गोष्ट बघा: आग्या मोहोळ. मोठ्या चिंचेवर, वडावर ते हमखास असतं. इंजिनाचा आवाज आणि धूर पोचला की पळायला वाट मिळत नाही. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ते झाड सोडा.

आणि पळवाट. झाड ज्या बाजूला पडणार तिच्या मागच्या अंगाला, तिरकस ४५ अंशांत, डावीउजवीकडे दोन वाटा कुऱ्हाडीनं साफ करून ठेवा. सरळ मागं पळायचं नाही, कारण पडताना बुंधा उसळून नेमका मागंच येतो. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगांत अडकतो. म्हणून वाट आधी चालून बघा.

तपासणी २: ताण कुठं, दाब कुठं

पडलेलं झाड तुकडे करताना मशीन सगळ्यात जास्त वेळा अडकते. इथं एकच गोष्ट समजून घ्यायची. वाकलेल्या लाकडाची एक बाजू दबलेली असते, दुसरी ताणलेली. दबलेल्या बाजूनं काप घेतला की तो मिटतो, ताणलेल्या बाजूनं घेतला की उघडतो.

ओंडका दोन टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दबलेली. तिथं वरून जाडीच्या तिसऱ्या भागाइतकाच काप घ्या, मग खालून वर येऊन तोडा. ओंडक्याचं एक टोक हवेत लोंबत असेल तर उलटं: खालून तिसरा भाग, मग वरून. आधी दबलेली बाजू थोडी, मग ताणलेली बाजू पूर्ण. उलट क्रमानं गेलात तर मशीन अडकते, किंवा लाकूड फाटून अंगावर येतं.

वादळात मुळासकट आडव्या झालेल्या झाडाबद्दल मात्र मला कळकळीनं सांगायचंय. काळी माती भिजून लोण्यासारखी झालेली असते, म्हणून झाड मुळांच्या गड्ड्यासकट उपटतं. तो गड्डा उभा राहतो आणि त्याखाली खड्डा पडतो. बुंधा कापून वेगळा केला की त्याला धरून ठेवणारं वजन जातं आणि गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. पोरं त्या खड्ड्यात खेळायला उतरतात, कुणी सावली म्हणून बसतं. काप सुरू करण्याआधी स्वतः जाऊन खड्डा बघा, आणि काम संपेपर्यंत तिथं एक जाणता माणूस उभा करा.

तपासणी ३: भुसा आणि दात (कानसीचा खर्च)

धारदार चेन लाकडाचे चपटे कण फेकते. बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसलं की थांबा. बोथट चेनला जोर द्यावा लागतो, जोरानं पट्टी तापते आणि काप भरकटतो.

काप एका बाजूला वळत असेल तर त्या बाजूचे दात जास्त धारदार आहेत आणि दुसऱ्या बाजूचे मेलेले. उजव्या हाताचा माणूस एका बाजूला कानस जोरात चालवतो, दुसऱ्या बाजूला हळू. महिनाभरात फरक पडतो. म्हणून दर दाताला मोजून तेवढेच हात द्या, तीन तर सगळीकडे तीन. कानस फक्त पुढं ढकलायची, परत घासत आणायची नाही. कोन ३० अंशांच्या आसपास. बऱ्याच चेनच्या दातावर त्याची खूण कोरलेली असते. गोल कानसीची जाडी चेनप्रमाणे बदलते (३/८, ०.३२५ ही चेनची इंचातली मापं): लहान मशीनच्या बुटक्या ३/८ चेनला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. चेनचं माप मशीनच्या पुस्तिकेत असतं. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. तो जास्त घासला तर मशीन झटके देते.

आता दात बोथट होतात कशानं? आपल्याकडे लाकडापेक्षा मातीनं जास्त. बुंध्यावर पावसानं उडालेला चिखल असतो, वाळवीनं सालीवर मातीचं अस्तर चढवलेलं असतं. एकाच कापात चेन मरते. कापायच्या पट्ट्यातली साल कुऱ्हाडीनं तासून काढा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बांधावरच्या जुन्या बाभळीत कुंपणाची तार किंवा दावं बांधायचा खिळा असतोच, झाडानं तो कधीच गिळलेला असतो. सालीवर आडवा वळ किंवा लाकडात निळसर-काळा डाग दिसला की तिथं लोखंड आहे असं समजा आणि काप वर सरकवा.

तपासणी ४: चेनचा ताण आणि तेल

इंजिन गार असताना चेन पट्टीच्या खालच्या कडेला चिकटून असली पाहिजे, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. सैल चेन खोबणीतून उतरते, आवळलेली चेन पट्टी जाळते.

तेल येतं का ते बघायला पट्टीचं टोक पांढऱ्या कागदासमोर किंवा कापलेल्या खोडासमोर धरून मशीन पळवा. तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नसेल उमटत तर पट्टी उतरवून तेलाचं भोक आणि खोबण तारेनं साफ करा. बाभळीचा डिंक आणि भुसा मिळून तिथं घट्ट बूच तयार होतं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल टाकू नका. त्यात धातूचे कण असतात, ते पंप खातात. पट्टी साफ केली की उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

तपासणी ५: पाचर वेळेवर बसते का

पाचर ही अडकल्यावर शोधायची वस्तू नाही. मागचा काप, म्हणजे पाडायच्या बाजूच्या उलट अंगानं घेतलेला, पट्टीमागं पाचर बसेल इतका आत गेला की लगेच पाचर सरकवायची, हातानं घट्ट करायची आणि मग पुढं कापायचं. झाड मागं बसायला बघतं त्या क्षणी ते पाचरीवर बसतं, पट्टीवर नाही. दोन पाचरी शेजारी शेजारी असतील तर आणखी बरं. वाळक्या बाभळीच्या पाचरी सुताराकडून करून घ्या, उत्तम टिकतात.

बारीक खोडात अडचण येते, कारण पट्टी आणि पाचर दोन्हींना जागा पुरत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, तशा वाळक्या बागा काढताना हाच त्रास होतो. तिथं मागचा काप एकदम घ्यायचा नाही. आधी निम्म्या रुंदीत काप घ्या, मशीन काढा, त्या कापात पाचर ठोका, मग उरलेला निम्मा कापा.

तपासणी ६: खाच आणि बिजागरी

वरचं सगळं ठीक असूनही झाड मागं बसत असेल तर काप चुकतोय. हा भाग सगळ्यात अवघड आहे.

बुंध्याचा घेर दोरीनं मोजा, तीननं भागा, साधारण जाडी आली. घेर ६ फूट असेल तर जाडी २ फूट. ज्या बाजूला पाडायचं तिकडं तोंड, म्हणजे खाच घ्यायची. तिची खोली जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी, इथं ५ ते ६ इंच. खाचेच्या दोन्ही रेघा आत अचूक एकमेकींना मिळाल्या पाहिजेत. एक रेघ पुढं घुसली तर पडताना खाच मधेच मिटते, झाड थांबतं किंवा खोड उभं फाटतं.

मागचा काप खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर घ्यायचा आणि खाचेपर्यंत न्यायचा नाही. मधे जाडीच्या दहाव्या भागाइतकं लाकूड, इथं साधारण अडीच इंच, सोडायचं. हीच बिजागरी. दाराला बिजागरी नसेल तर दार कुठंही पडेल, तसंच झाड. काप अडकला की माणसं घाईनं बिजागरी कापून टाकतात. मग झाड कुठं पडेल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

वाळक्या, किडक्या झाडाची बिजागरी वाकत नाही, मोडते. कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्यावर ठोकून बघा. डब्यासारखा पोकळ आवाज आला तर ही मापं तिथं लागू होत नाहीत.

दोर लावून ओढायचं ठरलं तर दोर कापायला लागण्याआधी बांधा. अर्धवट कापलेल्या झाडाला शिडी लावून वर चढायचं नाही, कुठल्याही कारणानं. दोर झाडाच्या उंचीच्या दुपटीइतका लांब हवा, म्हणजे ट्रॅक्टर पडण्याच्या टप्प्याबाहेर राहतो. ट्रॅक्टरनं हिसका द्यायचा नाही. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

तपासणी ७: पट्टी आणि क्लच

आता गॅरेजचं काम. पट्टीच्या दोन कडा असमान झिजल्या असतील किंवा खोबण रुंद झाली असेल तर चेन आत लवंडते आणि कितीही धार लावली तरी काप वळतोच. पट्टी काचेवर उभी करून बघा, कलती उभी राहिली तर कडा गेल्या. चौथ्या लक्षणात, म्हणजे इंजिन ओरडतंय आणि चेन थांबलीय, बहुधा क्लच घसरतोय.  मशीन मेकॅनिककडे द्या. क्लच घरी खोलू नका.

इथं थांबा

परवानगीचं आधी बघा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, साग, मोह, चंदन, खैर, फणस, हिरडा अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे.

झाडाच्या उंचीइतक्या अंतरात विजेची तार असेल तर मशीन सुरूच करू नका. १९१२ वर कळवा, लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या आणि मगच पुढचं. तार तुटून झाडावर पडली असेल तर जवळही जाऊ नका, ओल्या झाडातून करंट उतरतो.

झाड दुसऱ्या झाडात अडकून लटकलं असेल, बुंधा पोकळ असेल, बुंध्याची जाडी पट्टीच्या लांबीपेक्षा जास्त असेल, खोड पडायच्या दिशेलाच खूप झुकलेलं असेल, किंवा टप्प्यात घर, गोठा, विहीर, रस्ता असेल, तर मोठी झाडं पाडणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. झुकलेलं खोड मागून सरळ कापत गेलात तर ते मधोमध उभं फाटतं आणि फाटलेली फळी छातीइतक्या उंचीवरून मागं झेपावते. त्यासाठी पट्टीचं टोक बुंध्यात घुसवून घ्यायचा काप वेगळा असतो. टोकाची वरची कड लाकडाला लागली की मशीन उसळून तोंडाकडे येते, म्हणून तो काप कुणाच्या शेजारी उभं राहून शिकल्याशिवाय करू नका.

मशीन मागं बसलेल्या झाडात अडकलीय आणि दोन पाचरी ठोकूनही काप उघडत नाही, तिथंही थांबा.

जाणत्या माणसाला फोन कराल तेव्हा त्याला हे सांगा: बुंध्याचा घेर किती, कल कुठल्या बाजूला, खाच किती खोल घेतलीय, मागचा काप किती आत गेलाय, मशीन आत आहे का, आणि पोकळ आवाज येतो का. एवढ्यावर तो योग्य सामान घेऊन येईल. तो येईपर्यंत झाडाखालची जनावरं सोडून दुसरीकडे बांधा, पायवाटेवर दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या आडव्या टाका, आणि रात्र मधे आली तर शेजारच्या वस्तीवर स्वतः जाऊन सांगून या.